केनियात घरी स्ट्रीमिंग सुरू करायचंय? नव्याने आलेल्यांसाठी पायऱ्या

नैरोबीत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेक मराठी घरांत एकच प्रकार होतो. टीव्ही लावतात, भारतातलं खातं उघडतात आणि निम्म्या कार्यक्रमांवर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं दिसतं. मग घाईने नवं सबस्क्रिप्शन घ्यायला जावं तर भारतीय कार्डाचा ओटीपी येत नाही. तो आलाच तर मोबाइलचा डेटा दोन संध्याकाळीत संपतो.

यात सेवेचा दोष क्वचित असतो. चूक होते ती क्रमात. आधी केनियाचा नंबर, मग एम-पेसा (मोबाइलवरून पैसे भरण्याची इथली सेवा), मग इंटरनेट, मग टीव्ही आणि सगळ्यात शेवटी सेवा, या क्रमाने गेलात तर एका आठवड्यात सगळं मार्गी लागतं. खालच्या पायऱ्या नैरोबी, मोंबासा, किसुमू अशा शहरांत घर घेऊन राहणाऱ्यांसाठी आहेत. दोन-तीन आठवड्यांच्या कामासाठी आला असाल तर यातलं काही करू नका. भारतातलं नेटफ्लिक्स प्रवासातही चालतं, फक्त आतले कार्यक्रम इथले दिसतात.

जवळ ठेवायच्या गोष्टी

- मूळ पासपोर्ट (फोटोकॉपीवर सिम मिळत नाही), आणि मिळालं असल्यास परदेशी नागरिकाचं ओळखपत्र
- घराचा पत्ता: इमारतीचं नाव, रस्ता आणि घर क्रमांक. फायबरच्या, म्हणजे केबलने येणाऱ्या इंटरनेटच्या, नोंदणीत हे तिन्ही विचारतात
- भारतीय नंबरवर अवलंबून नसलेला ईमेल, म्हणजे ज्याचा पासवर्ड आणि रिकव्हरी तुमच्या हातात आहे असा
- भारतीय सिम, रोमिंग चालू असलेलं
- टीव्ही किंवा टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक भारतातून आणत असाल तर तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर

शेवटची वस्तू किरकोळ वाटते, पण पहिल्या रात्री तीच सापडत नाही. केनियात विजेचा दाब आणि वारंवारता जवळपास भारतासारखीच आहे, २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे उपकरणं जळत नाहीत. सॉकेट मात्र ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या चौकोनी पिनांचा असतो. आपली गोल पिन त्यात बसत नाही. ती काडी घालून बसवण्याचा प्रयत्न करू नका, ठिणगी उडते.

## १. भारतातून निघण्याआधी

सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्ज संपणार नाही याची व्यवस्था करा. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, आणि तुम्हाला हवेत ते फक्त बँकेचे ओटीपी. नैरोबीत पोहोचल्यावर रोमिंग सुरू करायला गेलात तर त्यासाठीही ओटीपी लागतो, आणि तो येणार कुठे?

बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी व ऑनलाइन वापर चालू आहे का पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानंतर नवी कार्डं मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. परदेशी वापर आपणहून उघडावा लागतो.

भारतातल्या सेवांचं स्वयंचलित नूतनीकरण बंद करा, खाती मात्र डिलीट करू नका. नेटफ्लिक्सवर सबस्क्रिप्शन रद्द केलं तरी भरलेले दिवस वापरता येतात आणि प्रोफाइल व बघण्याचा इतिहास काही महिने टिकतो. त्याच ईमेलने इथे पुन्हा सुरू केलंत की मुलांच्या प्रोफाइलसकट सगळं परत मिळतं.

## २. सिम आणि एम-पेसा

सफारीकॉम या इथल्या मोबाइल कंपनीने २००७ साली सुरू केलेली एम-पेसा ही मोबाइल पैशांची सेवा म्हणजे इथलं पाकीट. भाजीवाल्यापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं त्यातून भरलं जातं. स्ट्रीमिंगचं भाडंही त्यातूनच भरणं सोपं पडतं, म्हणून पहिलं सिम सफारीकॉमचं घ्या. एअरटेलचं दुसरं सिम नंतर डेटासाठी घेता येईल.

सिम कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. रस्त्यावर छत्रीखाली बसलेल्या एजंटकडेही ते मिळतं, पण नोंदणी कुणाच्या नावाने होते यावर तुमचा ताबा राहत नाही. सिम दुसऱ्याच्या नावावर निघालं तर त्यातले पैसेही कागदोपत्री त्याचेच. सिम सुरू झालं की *१०६# डायल करा. तुमच्या ओळखपत्रावर कोणकोणते नंबर नोंदले आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर त्याच दिवशी दुकानात जाऊन काढून टाका.

त्याच काउंटरवर एम-पेसाची नोंदणी करून घ्या. चार अंकी पिन ठेवावा लागतो. तो जन्मवर्षाचा ठेवू नका, कारण पासपोर्ट पाहिलेल्या कुणालाही तो कळतो. पैसे टाकायचे ते कोपऱ्यावरच्या एजंटकडे रोख देऊन किंवा बँक खात्यातून.

मेनूत ‘लिपा ना एम-पेसा’ असा शब्द दिसेल. स्वाहिलीत लिपा म्हणजे पैसे भरणे, ना म्हणजे ‘ने’. म्हणजे ‘एम-पेसाने भरा’. त्याच्या आत दोन वाटा आहेत आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. ‘बाय गुड्स’ ही दुकानासाठी, तिथे फक्त टिल नंबर, म्हणजे दुकानाचा नंबर, लागतो. ‘पे बिल’ ही सेवा आणि बिलांसाठी, तिथे कंपनीचा नंबर आणि तुमचा खाते क्रमांक असे दोन्ही लागतात. इंटरनेटचे पैसे पे बिलने जातात. खाते क्रमांकात एक अंक चुकला की पैसे दुसऱ्याच्या जोडणीत जमा होतात आणि तुमचं नेट बंदच राहतं. असं झालं तर आलेला व्यवहाराचा एसएमएस लगेच ४५६ वर फॉरवर्ड करा. परत फिरवण्याची विनंती तिथे नोंदवली जाते. समोरच्याने पैसे वापरून टाकले तर ते परत येणं अवघड, म्हणून उशीर करू नका.

दोन सापळे इथेच सांगून ठेवतो. पहिला: ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा’ असे फोन. सोबत एम-पेसासारखा दिसणारा खोटा मेसेजही येतो. आधी शिल्लक तपासा. पैसे खरंच आले असतील तरी स्वतः परत पाठवू नका, पाठवणाऱ्याला ४५६ वर मेसेज करायला सांगा. सफारीकॉम ग्राहकांना फक्त ०७२२०००००० या नंबरवरून फोन करते. बाकी कुठूनही ‘कंपनीतून बोलतोय’ असा फोन आला तर ठेवून द्या.

दुसरा: ‘ओकोआ जहाझी’. टॉकटाइम संपला की उधार मिळतो, त्यावर १० टक्के आकार लागतो आणि पुढच्या टॉपअपमधून रक्कम आपोआप कापली जाते. नेट बंडल (डेटा पॅक) घेण्यासाठी टॉपअप करता, आणि बंडल घ्यायला पैसेच उरत नाहीत.

## ३. घरात इंटरनेट

घर भाड्याने घेण्याआधी केअरटेकरला एक प्रश्न विचारा: या इमारतीत कोणाचं फायबर आहे? नैरोबीत सफारीकॉम होम, झुकू, फायबा अशा कंपन्या आहेत, पण प्रत्येक इमारतीत प्रत्येकाची केबल नसते. रस्त्यावरून केबल गेली आहे म्हणजे वर जोडणी मिळेल असं नाही. पार्कलँड्स, वेस्टलँड्स, न्गारा या भागांत भारतीय वस्ती जुनी आहे आणि बहुतेक ठिकाणी एकाहून जास्त पर्याय मिळतात. तरी शेजाऱ्याचं दार वाजवून संध्याकाळी आठला नेट कसं चालतं ते विचारून घ्या. त्यासारखी चाचणी नाही.

किती वेग घ्यावा? नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस अशी आहे: ७२०पीसाठी ३ एमबीपीएस, १०८०पीसाठी ५, फोरकेसाठी १५. घरात एक टीव्ही, दोन फोन आणि एखादा लॅपटॉप असेल तर १५ ते २० एमबीपीएस पुरतात. ५० किंवा १०० चं पॅकेज घेण्याआधी आहे तो वेग टीव्हीपर्यंत पोहोचतोय का ते बघा. इथल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती वाय-फाय गिळतात. राउटर दिवाणखान्यात, उघड्यावर ठेवा आणि शक्य असेल तर टीव्हीला लॅन केबल जोडा. फायबर बसवायला येणारा फुंडी, म्हणजे कारागीर, जिथे केबल आत येते तिथेच राउटर ठोकून जातो. बऱ्याचदा ती जागा दाराशेजारची असते. ड्रिल सुरू करण्याआधीच त्याला जागा दाखवा.

शहराबाहेर, नैवाशाच्या फुलशेतीवर किंवा साखर कारखान्याच्या वसाहतीत काम असेल तर फायबर सहसा पोहोचत नाही. तिथे फोरजी-फाइव्हजी राउटर किंवा स्टारलिंक (उपग्रहावरून डिशने मिळणारं इंटरनेट) हे पर्याय आहेत. स्टारलिंक केनियात जुलै २०२३ पासून आहे. ग्राहक फार झाल्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबी आणि आसपासची नवी नोंदणी तिने काही महिने थांबवली होती. म्हणून डिश विकत घेण्याआधी तुमच्या पत्त्यावर जोडणी मिळते का ते तपासा.

फायबर येईपर्यंत मोबाइल डेटावर दिवस काढाल, तर एक काळजी घ्या. *५४४# वरून बंडल घेतलंत आणि ते चित्रपटाच्या मधेच संपलं, की फोन गुपचूप टॉकटाइम खायला लागतो, तोही बंडलपेक्षा कितीतरी महाग दराने. त्याच मेनूत बंडल संपल्यावर डेटा थांबवण्याचा पर्याय असतो. तो पहिल्याच दिवशी लावून घ्या.

## ४. वीज गेली तर

केनियात बहुतेक भाड्याच्या घरांत प्रीपेड मीटर असतो. एम-पेसाच्या पे बिलने ८८८८८० या नंबरवर, खाते क्रमांक म्हणून मीटर नंबर टाकून पैसे भरले की २० अंकी टोकन एसएमएसने येतं. ते मीटरच्या कीपॅडवर दाबायचं. शनिवारी रात्री टोकन संपण्यासारखं दुसरं वैतागाचं काही नाही. मीटरवर युनिट कमी दिसले की लगेच भरा.

वीज अधूनमधून जातेही. पूर्ण घरासाठी इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही. फायबरची छोटी पेटी आणि राउटर, या दोघांपुरता मिनी यूपीएस घ्या. घेण्याआधी दोन्हींच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट आणि १, १.५ किंवा २ अँपिअर लिहिलेलं असतं. मिनी यूपीएसचं आउटपुट त्याच व्होल्टचं हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चं टोक लावलं तर राउटर जाईल.

हिशेब असा: १०,००० एमएएच क्षमतेच्या यूपीएसमध्ये आतली बॅटरी ३.७ व्होल्टची असते, म्हणजे ३७ वॅट-अवर. दाब वाढवताना होणारी गळती वजा जाता ३० उरतात. पेटी आणि राउटर मिळून १० ते १२ वॅट खातात. म्हणजे अडीच-तीन तास. फोनवर किंवा लॅपटॉपवर पूर्ण चित्रपट बघून होतो. फक्त राउटरलाच यूपीएस लावून पेटी विसरलात तर वाय-फाय दिसेल पण नेट नसेल. ही चूक फार जण करतात.

## ५. टीव्ही आणि स्टिक

नैरोबीत लुथुली अ‍ॅव्हेन्यू ही इलेक्ट्रॉनिक्सची मोठी बाजारपेठ. तिथे ‘सगळं फुकट दिसतं’ म्हणून स्वस्त अँड्रॉइड बॉक्स दाखवतात. घेऊ नका. चोरीच्या कार्यक्रमांची बाब बाजूला ठेवली तरी अशा बॉक्सना नेटफ्लिक्सची मान्यता नसते. अ‍ॅप अधिकृत दुकानातून उतरत नाही, आणि कसंबसं बसवलं तरी चित्र जेमतेम ४८०पी येतं. त्याचं कारण वाइडवाइन नावाचं संरक्षण. उपकरणाची पातळी एल१ असेल तरच एचडी मिळतं, एल३ असेल तर नाही.

तुमच्या अँड्रॉइड फोनची पातळी नेटफ्लिक्सच्या अ‍ॅपमध्ये, अ‍ॅप सेटिंग्जच्या खाली ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ मध्ये लिहिलेली असते. टीव्हीसाठी सोपा नियम: खोक्यावर अधिकृत गूगल टीव्ही, किंवा कंपनीची स्वतःची प्रणाली आणि आधीपासून बसवलेलं नेटफ्लिक्स असेल तरच पैसे द्या. दुकानातच वाय-फायला जोडून अ‍ॅप उघडून बघा. इथे दुकानदार त्याला सहसा हरकत घेत नाही.

भारतातून आणलेला टीव्ही चालतो. पहिल्या सेटअपला देश मात्र केनिया निवडा. भारत निवडलात तर इथली अ‍ॅप्स दुकानात दिसणार नाहीत. आधीच भारत असेल तर फॅक्टरी रीसेट करून पुन्हा सुरुवात करा.

गूगल प्लेचा देश बदलायचा असेल तर लक्षात ठेवा, तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातली प्ले शिल्लक नव्या देशात येत नाही. आयफोनवर देश बदलण्याआधी शिल्लक संपवावी लागते आणि चालू सबस्क्रिप्शनं रद्द करावी लागतात. सहा महिन्यांसाठीच आला असाल तर देश बदलू नका, ब्राउझरवरून नोंदणी करा.

## ६. कोणती सेवा घ्यावी

नेटफ्लिक्स केनियात जानेवारी २०१६ पासून आहे. सगळ्यात स्वस्त मोबाइल योजना फक्त फोन आणि टॅबवर चालते, टीव्हीवर नाही, आणि चित्र ४८०पी. टीव्हीसाठी घेत असाल तर त्या योजनेवर पैसे घालवू नका. जुन्या लेखांत ‘केनियात नेटफ्लिक्स मोफत’ असं वाचाल. ती मोफत योजना सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि १ नोव्हेंबर २०२३ ला बंद झाली. आज कुणी तिची लिंक पाठवत असेल तर ती फसवणूक आहे.

पुण्यात आई-वडिलांच्या घरचं खातं इथे चालवू असा विचार असेल तर तोही सोडा. एका घराबाहेर पासवर्ड वाटण्यावरची बंदी भारतात आणि केनियात एकाच वेळी, २० जुलै २०२३ पासून लागू झाली.

प्राइम व्हिडिओ डिसेंबर २०१६ पासून इथे मिळतं. भारतातलं प्राइम सदस्यत्व इथे उघडलंत तर मोजकेच कार्यक्रम दिसतात, मुख्यतः त्यांची स्वतःची निर्मिती. केनियासाठी नोंदणी भारतातल्या खरेदीच्या साइटवरून न करता प्राइम व्हिडिओच्या साइटवरून, वेगळ्या ईमेलने करा. एकाच ईमेलवर दोन देश बसवायला गेलात तर खात्याचा देश बदलतो आणि भारतातल्या खरेदीचाही गोंधळ होतो.

झी५ ऑक्टोबर २०१८ पासून भारताबाहेरही मिळतं. मराठी मालिकांसाठी घरातल्या मोठ्या माणसांना सहसा हेच हवं असतं. भारतात घेतलेला पॅक इथे चालेल असं धरून चालू नका, परदेशासाठी दर आणि योजना वेगळ्या आहेत. वेळेचं एक लक्षात ठेवा: केनिया भारताच्या अडीच तास मागे आहे. रात्री आठची मालिका इथे संध्याकाळी साडेपाचला असते, म्हणजे ऑफिसातून घरी येईपर्यंत अ‍ॅपवर भाग येऊन पडलेला असतो.

जिओहॉटस्टार केनियात सेवा देत नाही. डिस्ने प्लस दक्षिण आफ्रिकेत मे २०२२ मध्ये आणि उत्तर आफ्रिकेतल्या काही देशांत त्याच जूनमध्ये आलं, केनियात नाही. व्हीपीएन (तुम्ही दुसऱ्याच देशात आहात असं भासवणारं अ‍ॅप) लावून या सेवा बघण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सेवांच्या अटींत ते बसत नाही, आणि मोफत व्हीपीएन तुमची माहिती विकूनच चालतात. त्या वाटेला जाऊ नका.

वर्षभराचे पैसे एकदम भरू नका, पहिले तीन महिने तर नाहीच. आफ्रिकेतला या धंद्याचा नकाशा बदलतोय. डीएसटीव्ही या इथल्या सॅटेलाइट टीव्हीची मालक कंपनी मल्टिचॉइस सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रान्सच्या कनाल प्लसच्या ताब्यात गेली. मालक बदलला की योजना आणि कार्यक्रमही बदलतात. महिन्याचं घ्या, आवडलं तर पुढे चालू ठेवा.

## ७. खातं उघडणं आणि पैसे भरणं

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, म्हणून जरा सावकाश.

नोंदणी करताना घरच्या वाय-फायवर असा आणि व्हीपीएन बंद ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो आपोआप चालू असतो हे विसरायला होतं. सेवा तुमचा देश इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखते. व्हीपीएन चालू असेल तर लंडनचा दर आणि लंडनचे कार्यक्रम दिसतील, आणि मग कार्ड नाकारलं जाईल. दर केनियन शिलिंगमध्ये दिसला तर बरोबर वाटेवर आहात. त्यात १६ टक्के व्हॅट धरलेला आहे का ते शेवटच्या पानावर वाचा.

पैसे भरायचे तीन मार्ग:

एम-पेसा ग्लोबलपे. सफारीकॉम आणि व्हिसाने २०२२ मध्ये आणलेलं आभासी कार्ड. प्लास्टिक काही मिळत नाही, फक्त नंबर मिळतो आणि पैसे थेट एम-पेसातून जातात. एम-पेसाच्या अ‍ॅपमधून किंवा *३३४# वरून, लिपा ना एम-पेसाच्या आत हा पर्याय सुरू करता येतो. पायऱ्या या क्रमाने करा:

१. एम-पेसात योजनेच्या दरापेक्षा थोडे जास्त पैसे टाका.
२. सेवेचं पैसे भरण्याचं पान उघडून, कार्ड क्रमांकाच्या रकान्यापर्यंत या.
३. मगच अ‍ॅपमधून कार्ड क्रमांक आणि सीव्हीव्ही मागवा. सीव्हीव्ही कायमचा नसतो, थोडा वेळच चालतो. आधी मागवून चहा करायला गेलात तर तो बाद होतो आणि सेवा ‘कार्ड चुकीचं’ म्हणते.
४. सिमवर विचारलेला पिन टाका. पिन फक्त फोनवर टाकायचा, वेबसाइटवर कधीही नाही.

पुढच्या महिन्याच्या नूतनीकरणाच्या तारखेला एम-पेसात पैसे नसतील तर सेवा थांबते. तारखेच्या आदल्या दिवशीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

केनियन बँकेचं डेबिट कार्ड. पगार इथल्या बँकेत येत असेल तर महिन्याच्या महिन्याला हेच सर्वात निर्धोक. नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद असू शकतात. बँकेत फोन करून चालू करून घ्या, आणि ओटीपी केनियाच्या नंबरवर येतो ना याची खात्री करा.

भारतीय कार्ड. तात्पुरता उपाय म्हणूनच वापरा. परकीय चलनाचा आकार बहुधा २ ते ३.५ टक्के आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून आवर्ती वजावटीसाठी कार्डावर वेगळी परवानगी नोंदवावी लागते. म्हणून पहिला महिना व्यवस्थित जातो आणि दुसऱ्या महिन्याला पैसे अडकतात.

गूगल प्लेवर केनियात एम-पेसा थेट चालतं. त्यामुळे जी सेवा प्लेमधून पैसे घेते तिच्यासाठी कार्डाचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी प्लेचा देश केनिया असावा लागतो.

फेसबुक आणि टेलिग्रामवर ‘वर्षभराचं खातं अगदी थोड्या पैशांत’ विकणारे भरपूर आहेत. ही खाती बहुतेक चोरलेल्या कार्डांवर किंवा पासवर्डवर चालतात आणि मूळ मालकाला कळताच बंद पडतात. पैसे एम-पेसाने गेलेले असतात, आणि विकणाऱ्याचा नंबर दुसऱ्या दिवशी बंद.

## ८. डेटा कमी कसा लागेल

नेटफ्लिक्सवर टीव्हीला तासाला लागणारा डेटा साधारण असा: कमी दर्जा ०.३ जीबी, मध्यम ०.७, एचडी ३ पर्यंत, फोरके ७ पर्यंत. अडीच तासांचा चित्रपट एचडीमध्ये साडेसात जीबी खातो. मोबाइल राउटरवर हे परवडत नाही. ब्राउझरमध्ये खात्यात जाऊन त्या प्रोफाइलची प्लेबॅक सेटिंग ‘मध्यम’ करा. चित्र ३२ इंची टीव्हीवर चांगलं दिसतं. बदल लागू व्हायला आठ तासांपर्यंत लागू शकतात, लवकर हवा असेल तर टीव्हीवरून साइन आउट करून पुन्हा आत या. प्रत्येक प्रोफाइलला वेगळं करावं लागतं. स्वतःचं बदलून मुलांचं राहून जातं आणि डेटा तिथेच जातो.

फोनवर ‘ऑटोमॅटिक’ ठेवलंत तर एका जीबीत साधारण चार तास, ‘सेव्ह डेटा’ ठेवलंत तर सहा.

प्रवासाला घरच्या वाय-फायवर डाउनलोड करून घ्या. नैरोबी-मोंबासा रेल्वेत पाच-सहा तास जातात आणि त्सावोच्या अभयारण्याच्या पट्ट्यात नेटवर्क येतं-जातं. काही कार्यक्रम सुरू केल्यापासून ४८ तासांत बंद होतात, म्हणून निघण्याआधी ‘चालतंय का’ बघायला प्ले दाबू नका. आणि भारतात केलेलं डाउनलोड इथे उघडेलच असं नाही. कार्यक्रमाचे हक्क केनियासाठी नसतील तर ते बंद दिसतं.

## ९. अडकतंय, तर आधी हे बघा

फास्ट डॉट कॉमवर वेग छान दिसतो आणि तरी मराठी मालिका गोल फिरत राहते? ती चाचणी नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सर्व्हरपर्यंतचा वेग मोजते. नेटफ्लिक्स आपले कार्यक्रम स्थानिक इंटरनेट कंपन्यांच्या जागेतच साठवून ठेवतं, त्यामुळे ते जवळून येतात. छोट्या सेवांचे कार्यक्रम दुरून, समुद्राखालच्या केबलवरून येतात. वेग दुसऱ्या चाचणीत, सर्व्हर मुंबईचा निवडून मोजा. तो कमी आला तर दोष राउटरचा नाही, पॅकेज वाढवूनही फरक पडणार नाही. दर्जा कमी करून बघा किंवा भाग डाउनलोड करून ठेवा.

कधी संपूर्ण देशच हळू होतो. १२ मे २०२४ ला ईझी आणि सीकॉम या दोन समुद्री केबल एकाच दिवशी तुटल्या आणि केनिया, टांझानिया, युगांडात नेट रखडलं. अशा दिवशी कस्टमर केअरशी भांडण्यात संध्याकाळ घालवू नका.

रोज रात्री आठ ते दहा याच वेळेत अडकत असेल तर इमारतीतली लाइन भरलेली आहे. सकाळी आणि रात्री वेग मोजून स्क्रीनशॉट ठेवा आणि ते दाखवून तक्रार करा. नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवतात.

आवाज येतो पण पडदा काळा? मधला एचडीएमआय स्प्लिटर काढून स्टिक थेट टीव्हीला लावा.

## १०. शेजारच्या देशांत असाल तर

क्रम तोच. युगांडात जुलै २०२१ पासून इंटरनेट डेटावर १२ टक्के कर आहे, तो खर्चात धरा. टांझानिया, युगांडा आणि नायजेरियातही चौकोनी पिनांचाच सॉकेट. दक्षिण आफ्रिकेत मात्र आपल्या मोठ्या, १५ अँपिअरच्या पिनेसारखा सॉकेट मिळतो, नव्या घरांत वेगळाही.

## ११. देश सोडताना

आधी सबस्क्रिप्शनं रद्द करा, मग फायबर, आणि सिम सगळ्यात शेवटी. एम-पेसातले पैसे एजंटकडून काढून घ्या किंवा बँकेत वळवा. टीव्ही विकत असाल तर फॅक्टरी रीसेट करा आणि ब्राउझरमधून ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हेही दाबा. विमानात बसण्याआधी प्रत्येक खात्यावरचा केनियन नंबर काढून भारतीय टाका. न वापरलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते, आणि मग तुमच्या खात्याचे रिकव्हरी कोड त्या माणसाच्या फोनवर जायला लागतात.